हँडल फिरवा, दुतोंड्या मारुतीला पूर आणा: कागदाचं हलतं मॉडेल घरच्या घरी

पावसाळ्यात नाशिकमध्ये पूर किती आलाय हे क्युसेकमध्ये कोण विचारतं? "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" एवढंच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाजवळचा, गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हाच आपला मीटर. सकाळी गुडघ्याला होतं, दुपारी कमरेला लागलं, असे फोटो दिवसभर फॅमिली ग्रुपवर पडत राहतात आणि संध्याकाळी अर्धं गाव छत्री घेऊन पाणी बघायला. त्यामुळे कार्डशीटचं हलतं मॉडेल करायचं डोक्यात आलं तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. बाजूचं हँडल फिरवायचं आणि पाणी मारुतीच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत चढणार, परत उतरणार. बस.

नवीन माणसासाठी हे मॉडेल चांगलं आहे कारण यात हलणारे भाग दोनच, एक आडवा शाफ्ट (हँडलने फिरणारी नळी) आणि एक उभा दांडा. बरेच जण पहिल्याच फटक्यात कागदाची गिअरवाली घड्याळं डाउनलोड करतात आणि तिसऱ्या दातापाशी सोडून देतात, तसं करू नका. कागदाचे गिअर हा वेगळा डोकेदुखीचा विषय आहे.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. माझे मामा अंबडला कंपनीत टर्नर होते, माझं पहिलं मॉडेल त्यांनी हातात घेतलं, हँडल फिरवून बघितलं, ते फिरलंच नाही, आणि म्हणाले "अरे प्ले कुठाय याच्यात?" मी सगळं अगदी फिट्ट केलं होतं, भोकं मापात, नळ्या मापात, कुठं फट नाही. मला वाटत होतं हेच चांगलं काम. तर नाही, कागदाचं मशीन थोडं ढिलं लागतं, कागदाला स्वतःची जाडी असते, फेव्हिकॉलने तो फुगतो, पावसाळ्यात अजून फुगतो. म्हणून खाली जिथं जिथं मी माप देताना अर्धा-एक मिमी जास्त सांगितलाय तिथं तो मुद्दाम आहे, तुमच्या मनाने कमी करू नका.

कागद आणि प्रिंट

साधा झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतो, तो इथं कामाचा नाही. आपल्याला २०० ते २५० जीएसएम लागतं. दुकानात "आयव्हरी" किंवा "कार्डशीट ए-फोर" म्हणून मागा आणि जीएसएम विचारून घ्या, कारण कार्डशीट या नावाखाली काहीही मिळतं. रविवार कारंजा-मेन रोडच्या बाजूला स्टेशनरीची दुकानं आहेत तिथं फिरलात तर सापडेल, मला तिसऱ्या दुकानात सापडलं. गंमत बघा, नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे, नोटा इथं छापतात, आणि मी साध्या कार्डशीटच्या दहा पानांसाठी गावभर फिरतोय. ३०० च्या वर मात्र जाऊ नका, छोट्या नळ्या नीट दुमडत नाहीत, घडीवर पांढरी चीर पडते.

प्रिंट करताना घरचा इंकजेट असेल तर मागून कागद घालायची सोय असलेला बरा, कागद सरळ जातो. खालच्या ट्रेमधून जाणारा कागद आत यू टर्न घेतो आणि जाड शीट तिथंच अडकते. कॉलेज रोडवर गेलात तर पहिला दुकानदार शीट हातात घेऊन म्हणेल "भाऊ, मशीन जाम होईल", त्याला दोष देऊ नका, त्याचं मशीन आहे. "डिजिटल प्रिंट" असा बोर्ड असलेलं दुकान शोधा, त्यांची मशीन जाड कागद घेतात. फरक एवढाच की लेझर प्रिंट पाण्याने पसरत नाही पण घडीवर टोनरचे पोपडे निघतात, आणि इंकजेटची घडी छान येते पण ओल्या फेव्हिकॉलचं बोट लागलं की निळी गोदावरी मारुतीच्या तोंडावर.

आणि प्रिंट देताना स्केल १०० टक्के, म्हणजे "अॅक्च्युअल साइज". बऱ्याच ठिकाणी "फिट टू पेज" आधीच टिक केलेलं असतं आणि सगळं थोडं लहान होऊन येतं, बघून कळत नाही, जोडायला बसल्यावर कळतं. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची रेघ काढून ठेवतो, दुकानातच पट्टी लावून मोजतो, ९७ भरली की तिथंच परत काढायला सांगतो.

डिझाइन कशात करायचं, तर इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात डॉक्युमेंटचं युनिट मिमी करून घ्या, पीडीएफ काढा. कॉम्प्युटर नको असेल तर पेन्सिल-पट्टीने थेट कार्डवर काढलंत तरी मॉडेल तेवढंच हलतं. आपल्याला दोन ए-फोर पानं पुरतात.

अजून एक, कागदाला ग्रेन असते, म्हणजे आतल्या तंतूंची दिशा. शीट न मोडता हलकेच वाकवून बघा, एका दिशेने सहज वाकेल, दुसऱ्या दिशेने अडेल. सहज वाकताना जी गोल नळीसारखी होते ना, त्या नळीच्या लांबीच्या दिशेने ग्रेन. शाफ्ट आणि दांड्याची लांबी या दिशेने ठेवा, घड्याही साफ येतात आणि नळी ताठ राहते.

हत्यारं म्हणजे कटर, नवीन ब्लेड, स्टीलची पट्टी (प्लॅस्टिकची कटरने सोलून निघते), शाई संपलेली रिफिल, टूथपिक, फेव्हिकॉल, कपड्यांचे चिमटे. खाली कटिंग मॅट नसेल तर जुना जाड पुठ्ठा. ग्लूस्टिक यात टिकत नाही.

काम सुरू

क्रम असा: आधी सगळ्या घड्यांच्या रेघा रिफिलने पट्टी लावून दाबून घ्यायच्या, मग आतली भोकं कापायची, मग बाहेरची कड. उलटं केलंत तर छोटा तुकडा हातात धरून भोक कापावं लागतं आणि ते एकतर वाकडं होतं नाहीतर बोट कापतं. कापलेल्या पांढऱ्या कडा त्याच रंगाच्या स्केचपेनने रंगवून टाका, दोन मिनिटांचं काम आहे पण मॉडेल एकदम विकत आणल्यासारखं दिसायला लागतं.

पहिला शाफ्ट. ३५ मिमी रुंद, १०० मिमी लांब पट्टी, त्यावर ७-७ मिमीवर चार रेघा. दुमडली की ७ मिमीची चौकोनी नळी होते आणि पाचवा भाग चिकटवायला. बांबूची काडी का नाही असं सगळे विचारतात. काडी गोल असते, तिच्यावर लावलेली चकती दोन दिवसांनी सटकते आणि नुसती काडी फिरत राहते. चौकोनी नळी चौकोनी भोकात बसली की सटकायचा प्रश्नच नाही. आत पेन्सिल घालून टेबलावर दाबून धरा म्हणजे पिळ पडणार नाही. फेव्हिकॉल टूथपिकने, अगदी पातळ, जास्त लावलं की कार्ड ओलं होऊन वाकतं.

आता खोकं. ६० मिमी रुंद लांब पट्टी, तिचे भाग ७५, ६०, ७५, ६० आणि शेवटी १२ ची चिकटपट्टी, एकूण २८२, म्हणजे ए-फोरच्या २९७ मध्ये प्रिंटरचा मार्जिन सोडून बसते. ७५ चे भाग म्हणजे तळ आणि झाकण, ६० चे म्हणजे दोन भिंती. दोन्ही भिंतींच्या बरोबर मधोमध, तळापासून ३० मिमीवर शाफ्टची भोकं. इथं लक्ष द्या: ७ मिमीच्या चौकोनाचा कर्ण जवळपास १० येतो, त्यात कार्डची जाडी धरा, त्यात प्ले धरा, म्हणून गोल भोक ११ मिमीचं. थोडं लहान कापा आणि जाड पेन आत फिरवून गोल करत आणा, नुसत्या कटरने गोल कुणालाच जमत नाही. झाकणाच्या मधोमध ९ मिमीचं चौकोनी भोक.

ही पट्टी चिकटवली की समोरून-मागून उघडं खोकं होतं आणि ते आगपेटीच्या कव्हरसारखं तिरकं होत राहतं. त्याला ताठ करते मागची भिंत: ७५ बाय ६०, तीन बाजूंना दुमडपट्ट्या, आणि वरच्या बाजूला त्याच कार्डमधून ७० मिमी उंच मारुती. म्हणजे मारुती वेगळा चिकटवायचाच नाही, तो मागच्या भिंतीतूनच उभा राहतो. पण ही भिंत आत्ता लावू नका! आत हात जायला जागा लागणार आहे.

मारुती दुतोंड्या आहे तेव्हा मागूनही चेहरा पाहिजेच. एकाच कागदावर दोन्ही बाजूंनी प्रिंट मारली तर एक-दोन मिमी तरी सरकतेच आणि मागचा मारुती पुढच्याच्या बाहेर डोकावतो. त्यापेक्षा मागचं चित्र उलटं, मिरर करून वेगळं छापा, दोन्ही पाठीला पाठ लावून चिकटवा, वर जाड पुस्तकं ठेवून वाळू द्या आणि मग बाहेरची कड एकदाच कापा.

कॅम, म्हणजे सगळी जादू

४० मिमी व्यासाची गोल चकती, पण भोक मधोमध नाही, केंद्रापासून ७ मिमी बाजूला. एवढंच. त्यामुळे शाफ्टपासून चकतीची एक कड १३ मिमीवर आणि समोरची २७ मिमीवर येते, शाफ्ट फिरला की वर टेकलेला दांडा १४ मिमी चढतो आणि १४ मिमी उतरतो. भोक बाजूला जितकं सरकवाल त्याच्या दुप्पट हालचाल मिळते. मामांना दाखवलं तर म्हणे "हा तर कॅमशाफ्ट, गाडीच्या इंजिनात हेच असतं", आणि तेव्हापासून आमच्या घरी या मॉडेलचं नाव इंजिन आहे.

चकती एकाच कार्डची केली तर कड वाकते. जुन्या लाँगबुकच्या कव्हरचा दीड मिमीचा पुठ्ठा मध्ये आणि दोन्ही बाजूंनी छापलेलं कार्ड असं सँडविच करा. भोक ७.५ मिमीचं चौकोनी, इथं मात्र घट्ट बसलं पाहिजे कारण हा जोड फिरायचा नाही, शाफ्टबरोबर जायचा आहे. कड सँडपेपरने गुळगुळीत करा आणि तिच्यावर मेणबत्ती घासा किंवा ६बी पेन्सिल गिरवा, हे ऑइलिंग समजा.

शाफ्ट उजव्या भिंतीतून आत, कॅममधून, डाव्या भिंतीतून बाहेर. डाव्या बाजूला १० मिमी बाहेर ठेवा, उजवीकडे १५. भिंतींच्या बाहेरून दोन्हीकडे १६ मिमीचे चौकोनी वॉशर, म्हणजे मध्ये भोक असलेले कार्डचे तुकडे, शाफ्टला चिकटवा, भिंत आणि वॉशरमध्ये एक कार्ड जाईल एवढी फट ठेवून, तो कार्डचा तुकडा प्रत्यक्ष अडकवूनच चिकटवा आणि वाळल्यावर काढून घ्या. कॅम अजून चिकटवायचा नाही, नुसता मधोमध सरकवून ठेवा.

आता उभा दांडा. तशीच ७ मिमीची नळी, कापताना ५६ मिमी लांब, दोन्ही टोकांना चार कोपऱ्यांवर ८-८ मिमी चिरा द्या आणि पाकळ्या बाहेर उघडा, मधली नळी ४० मिमी उरते. खालच्या पाकळ्यांना २० बाय २८ मिमीचा पाय, दुहेरी कार्डचा, २८ ची बाजू खोक्याच्या पुढे-मागे अशी येऊ द्या. पाय एवढा लांब का, तर कॅम फिरताना त्याचा टेकायचा बिंदू शाफ्टच्या पुढे-मागे ७-७ मिमी सरकतो, छोटा पाय असेल तर कॅम त्याच्या कडेवरून निसटून वरच अडकतो.

दांडा सरळ चालायला झाकणावर एक छोटी नळी गाईड म्हणून लागते, १२ मिमी उंच, खाली चिकटवायला पाकळ्या. ही नळी ८.५ मिमीची करा, म्हणजे पट्टीची रुंदी साधारण ४३. मी पहिल्यांदा ८ ची केली, हिशोब सोपा होता, ७ चा दांडा ८ मध्ये, एक मिमी प्ले. पण कार्डची जाडी धरली, आतली चिकटपट्टी धरली तर तो एक मिमी कुठं गेला कळलंच नाही.

आणि दांडा आतून, खालून वर घालायचा, पाय आत आणि वरच्या पाकळ्या अजून मिटलेल्या. दोन्ही टोकं आधी चिकटवून मग भोकात घालायला जाल तर हसण्यापलीकडे काही करता येत नाही, विचारू नका मला कसं माहीत.

पाणी

वर येणारा दांडा मारुतीच्या पुढे येतो. त्याच्या वरच्या पाकळ्या उघडा आणि त्यावर ७५ मिमी रुंद कार्ड बसवा, २४ मिमी आडवा भाग आणि पुढे खाली दुमडलेला २२ मिमीचा भाग, त्यावर लाटा छापलेल्या. आडव्या भागाच्या मागच्या-पुढच्या कडा दांड्यापासून सारख्या अंतरावर. पाणी खाली असताना लाटांची वरची कड झाकणापासून साधारण २३-२४ मिमीवर येते, मारुतीच्या गुडघ्याच्या जरा वर, आणि चढल्यावर ३७-३८, म्हणजे कमर.

आता पाणी वर गेलं की खाली १५ मिमीची मोकळी फट दिसणार, पूर हवेत तरंगतोय असं. त्यासाठी झाकणाच्या पुढच्या कडेला २० मिमी उंच पट्टी उभी चिकटवा, तिच्यावर घाटाच्या पायऱ्या. फट पायऱ्यांमागे लपते. मागून बघितलं तर पाणी नुसतं निळं कार्ड दिसतं, तिकडच्या तोंडाला पूर नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, पण पहिलं मॉडेल आहे.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो यानंतर. हँडल फिरवलं की पाणी छान चढायचं आणि उतरायचंच नाही, वरच लटकून राहायचं, टिचकी मारली की धप्पकन खाली. कागद हलका असतो, दांड्याला खाली ओढायला वजनच नाही. म्हणून मी एक रुपयाचं नाणं लाटांच्या मागच्या बाजूला चिकटवलं, लपून राहील म्हणून. तर आणखी जास्त अडकायला लागलं! दोन संध्याकाळी मी गाईड नळी घासत बसलो, मेण लावलं, पेन्सिल लावली, काही नाही. मग एकदा बाजूने डोळे लावून हळूच फिरवलं तेव्हा दिसलं की वजन सगळं पुढे गेल्यामुळे दांडा पुढे कलतोय आणि नळीच्या पुढच्या वरच्या कडेला आणि मागच्या खालच्या कडेला चावतोय. ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो ना, तसंच. नाणं काढून बरोबर दांड्याच्या डोक्यावर, आडव्या भागाच्या मध्यात चिकटवलं, वर निळा रंग दिला, आणि इंजिन चालू. म्हणून वजन नेहमी दांड्याच्या सरळ रेषेत.

हँडल सोपं आहे, ३५ बाय १४ मिमीची पट्टी, मध्ये पुठ्ठा, एका टोकाला ७.५ चं चौकोनी भोक शाफ्टसाठी, दुसऱ्या टोकाला घट्ट गुंडाळलेल्या कागदाची मूठ. आता कॅम दांड्याच्या बरोबर खाली आणा, पाच-सहा वेळा फिरवून बघा, सगळं नीट चाललं तरच कॅमला शाफ्टवर फेव्हिकॉल, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी परत फिरवायचं. मगच मागची भिंत.

अडलं तर जोर लावू नका, कागदाची नळी एकदा पिळली की परत सरळ होत नाही. कुठं अडतंय ते शोधायला नाणं तात्पुरतं काढा, दांडा बोटाने वर धरा आणि नुसता शाफ्ट फिरवा. तरीही जड वाटलं तर भोकं लहान आहेत किंवा वॉशर भिंतीला चिकटलाय. शाफ्ट मोकळा फिरतोय पण दांडा टाकला की अडतं, तर गाईड नळी बघा. आणि टक टक असा एकाच जागी धक्का बसत असेल तर कॅमच्या कडेवर फेव्हिकॉलचा थेंब वाळलेला असणार, नखाने लागतो हाताला.

जुलै-ऑगस्टमध्ये करत असाल तर कापलेले तुकडे डब्यात झाकून ठेवा, उघडे राहिले की दमट हवेने मऊ पडतात. ओल्या फेव्हिकॉलला पंख्याखाली ठेवलं तर लवकर वाळतं पण कार्ड एका बाजूने ओढलं जाऊन वाकतं, चिमटा लावून विसरून जाणं बरं.

हे जमलं की फक्त कॅम बदलून बघा, बाकी मॉडेल तसंच. गोल चकतीऐवजी गोगलगायीच्या शंखासारखा आकार कापला, म्हणजे शाफ्टपासूनचं अंतर पूर्ण फेरीभर हळूहळू १३ पासून २७ पर्यंत वाढत नेलं आणि मग सरळ एका कड्यासारखं खाली आणलं, तर पाणी सावकाश चढतं आणि एकदम ओसरतं. फक्त तो कॅम एकाच दिशेने फिरतो, उलटा फिरवला की दांड्याचा पाय त्या कड्याला अडतो आणि नळीच दुमडते. हँडलशेजारी भिंतीवर लाल बाण काढून ठेवा, ठळक. घरी आलेली पोरं आधी उलटंच फिरवतात.